जूनमध्ये तू काय करतोस?

कोल्हापूर,
१४ जून

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "काका, बेंगळुरूच्या क्लबची ऑफर आहे, जाऊ का? पप्पा पोलीस भरती म्हणतायत." बास, एवढंच. खाली हात जोडलेला इमोजी आणि इंग्लंडच्या जेमी वर्डी या फुटबॉल स्ट्रायकरची रील. या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, आणि कट्ट्यावर बोलायला बसलो की चार जण मध्येच आपापलं घोडं दामटतात. म्हणून लिहितोय. तुझं नाव आणि तुझ्या तालमीचं, म्हणजे पेठेतल्या तुझ्या फुटबॉल संघाचं, नाव यात कुठंही घातलेलं नाही. पेठेत कागदाला पाय फुटतात.

आधी माझी तक्रार ऐक. फायनलला मी गॅलरीत अगदी वरच्या पायरीवर बसलो होतो. त्रेसष्टाव्या मिनिटाला डावीकडून क्रॉस आला. तू स्टॉपरच्या, म्हणजे त्यांच्या मधल्या बचावपटूच्या, पाठीमागून निघालास, फर्स्ट पोस्टला, जवळच्या खांबाकडं, बरोबर वेळेवर घुसलास, पायही नीट लागला आणि बॉल पोस्टवर आपटला. इथपर्यंत झकास. मग तू दोन्ही हात डोक्यावर घेतलेस. गॅलरीनंही घेतले, पण गॅलरीचं ते कामच आहे, त्यासाठीच ती येते. बॉल पोस्टवरून उडून तुझ्यापासून दोन पावलांवर पडला होता. त्यांच्या बॅकनं तो निवांत बाहेर मारला, दुकान बंद करताना शटर ओढावं तसा. तेव्हा तू आभाळाकडं बघत होतास.

चुकलेल्या गोलाबद्दल मी तुला कधीच काही बोलणार नाही. चुकतात. पण पोस्टला लागल्यानंतरचे ते दोन सेकंद तू प्रेक्षक झालास, त्याबद्दल बोलणार. पुढं जे लिहितोय ते सगळं त्या दोन सेकंदांबद्दलच आहे असं समज. खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या स्ट्रायकरचं आयुष्य गोलांमध्ये फारसं जात नाही, दोन गोलांच्या मधल्या वेळात जातं. दोन हंगामांच्या मध्ये, दोन क्लबांच्या मध्ये, आणि खरं सांगायचं तर दोन पगारांच्या मध्ये.

तर जूनमध्ये तू काय करतोस?

हसू नकोस. आपल्याकडं हंगाम थंडीत सुरू होतो आणि वळवाच्या आगेमागे संपतो. शेवटचा चषक उचलला, गुलाल पडला, हलगी वाजली की पोरं बूट माळ्यावर टाकतात. गांधी मैदानाचं तळं होतं. मग राहिलेली लग्नं, तांबड्या-पांढऱ्याच्या पंगती, गणपतीची वर्गणी, रात्री दोनपर्यंत कट्टा. दसरा उलटला की पुन्हा बूट खाली येतात आणि दोन आठवडे 'अंग धरलंय' म्हणत पळायचं. पेठेतल्या तीन पिढ्या अशाच खेळल्या, मीही त्यातलाच. पण देशात खेळाडू नोंदणीची मोठी खिडकी उघडते ती साधारण जून ते ऑगस्ट. ट्रायलही त्याच सुमाराला. म्हणजे बाहेरचं दार नेमकं उघडतं तेव्हा कोल्हापूरचा स्ट्रायकर वर्षातला सगळ्यात जड असतो.

२००३ च्या जुलैत मी मुंबईला एका ऑफिसच्या टीमच्या ट्रायलला गेलो, तेव्हा साडेपाच किलो वाढलो होतो. दहाव्या मिनिटाला गोल मारला. विसाव्या मिनिटाला गुडघ्यांवर हात ठेवून उभा होतो. कोचनं शिट्टीसुद्धा वाजवली नाही, नुसतं बोटानं खुणावलं, ये बाहेर. पुढच्या वर्षी वजन उतरवून गेलो आणि त्यांनी घेतलं. पण वयाचं एकविसावं वर्ष रश्श्यात गेलं, ते काही परत आलं नाही.

तेव्हा या जूनमध्ये मैदान नाही म्हणून रडू नकोस. भिंत आहे ना? तालमीच्या मागची ती लांब भिंत घे. खडूनं गोलचे दोन खांब काढ आणि त्यात खाली दोन कोपऱ्यांत दोन चौकोन. बॉल भिंतीवर मार आणि येईल तसा, न थांबवता, एका टचमध्ये त्या चौकोनात. उजवा शंभर, डावा शंभर. डीमधले, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीतले, बहुतेक गोल एकाच टचचे असतात, आणि तू अजून प्रत्येक बॉल आधी थांबवतोस, मग बघतोस, मग मारतोस. इथं पेठेत तेवढा वेळ मिळतो. वरच्या लीगमधला स्टॉपर तेवढ्यात तुझ्या अंगावर आलेला असतो.

आणि मान फिरवायची सवय लाव. बॉल विंगवर असताना तू टक लावून बॉलकडंच बघतोस. स्टॉपरलाही बॉल आणि तू दोघं एकदम दिसत नाहीत, तोही एका वेळी एकच बघतो. तो ज्या क्षणी बॉलकडं बघेल त्या क्षणी तू त्याच्या पाठीमागं सरकायचंस. पाच फूट सात इंचांचा सुनील छेत्री उंच स्टॉपरांच्या मधून हेडर मारतो ते काय उंचीवर? तो त्यांच्या आधी निघालेला असतो. छेत्रीचे गोल बघतोस तेव्हा गोल बघू नकोस, त्याच्या आधीची पाच सेकंद बघ.

आता वर्डी. रील मीही बघितली, डोळे पाणावले, खोटं कशाला बोलू. सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेनं काढून टाकलं. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडं आठवड्याला ३० पौंडांवर खेळला, दिवसा कारखान्यात हातापायाचे स्प्लिंट बनवायचा. तिथून हॅलिफॅक्स, तिथून फ्लीटवुड, २०१२ मध्ये लेस्टरनं १० लाख पौंड मोजले आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. सगळं खरं आहे. पण रीलमध्ये शिडी दिसत नाही. इंग्लंडात लीगच्या खाली लीग, तिच्या खाली लीग अशी ती खाली गावापर्यंत जोडलेली आहे. जिंकलेला संघ वर जातो, हरलेला खाली येतो. आठव्या पायरीवर कोण गोल मारतोय याची पाचव्या पायरीवरच्या क्लबला खबर असते, कारण उद्या तो अंगावर येणार असतो.

आपल्याकडं तुझ्या तालमीनं केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग जिंकली म्हणजे काय होतं? मिरवणूक. पुढच्या वर्षी पुन्हा तीच लीग, तेच स्टेडियम. तालीम वर चढत नाही, तिला चढायचंही नसतं. मंगळवार पेठेनं शिवाजी पेठेला हरवलं की जग जिंकल्यासारखं होतं, आणि त्यात गैर काय आहे? मला विचारशील तर आयुष्यातला सगळ्यात गोड गोल मी अशाच मॅचमध्ये मारला. पण इथून वर जायचं तर खेळाडूला एकट्यालाच शिडी लावावी लागते, आणि एकटा माणूस कुणाला दिसत नाही. म्हणून कागद हवा. मी तुला गेल्या वर्षी वही घ्यायला सांगितली होती. घेतलीस का? तारीख, समोरचा संघ, किती मिनिटं खेळलास, किती शॉट, त्यातले गोलवर किती, गोल कोणत्या पायानं, पेनल्टी वेगळी. मॅचचं रेकॉर्डिंग कुणी ना कुणी करतंच, ते मागून ठेव. त्यातले गोल कापून गाणं लावू नकोस. तुझी ९० मिनिटं असलेली एक मॅच ठेव, ज्यात तू एकही गोल मारलेला नाहीस आणि तरी चांगला खेळलास. कोच माणूस ती बघतो.

बेंगळुरूवाले तुला काय म्हणाले ते नीट विचारून घे. 'स्ट्रायकर म्हणून घेतोय' म्हणाले का? मग जरा थांब आणि एक हिशोब बघ. आय-लीग ही देशातली व्यावसायिक लीग २००७ मध्ये सुरू झाली. पहिले सहा मोसम सगळ्यात जास्त गोल मारणारा खेळाडू दोघांपैकीच एक होता आणि दोघंही नायजेरियाचे. पहिले तीन मोसम चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा, पुढचे तीन रँटी मार्टिन्स, त्यातले दोन डेम्पोकडून आणि एक प्रयाग युनायटेडकडून. गोव्यातल्या माझ्या वयाच्या पोरांनी ही दोन नावं ऐकतच आपल्या जागा विंगवर शोधल्या. आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, बघ, २०१४ पासूनच्या पहिल्या ११ मोसमांत गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लबांना शिव्या देऊन उपयोग नाही. हंगाम वाचवायला गोल लागतात, आणि परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा असल्या की पहिली जागा नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरला, जाते. आपल्या तालमींनी तरी वेगळं काय केलं? घानाचा, नायजेरियाचा स्ट्रायकर आणला तेव्हा गॅलरीत सगळ्यात मोठ्यानं नाचलेल्यांत मीही होतो.

यातून तुझ्यापुरतं एवढंच घे. विंगवर खेळशील का असं विचारलं तर तोंड वाकडं करू नकोस. आपल्या अनिकेत जाधवचं बघ, १७ वर्षांखालच्या २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला, पुढं क्लबांमध्ये बहुतेकदा बगलेतच दिसला, पण दिसला. टिकला. तुझा डावा पाय बरा होईपर्यंत विंग तुला जड जाईल, म्हणून भिंत.

पगाराचं आता. हे मात्र दोनदा वाच.

तोंडी आकड्याला काहीही किंमत नाही. कोच चांगला माणूस आहे, मॅनेजर कोल्हापूरकडचाच आहे, यालाही नाही. तुझी नोंदणी एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, ऑनलाइन प्रणालीत होणार, हौशी म्हणून किंवा व्यावसायिक म्हणून. फिफाच्या व्याख्येत व्यावसायिक तो, ज्याच्याकडं लेखी करार आहे आणि ज्याला खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. करार नसेल तर तू हौशी, मग तोंडानं महिना २५ हजार का म्हणेनात. करारात तारखा बघ. कधीपासून कधीपर्यंत? हंगाम पाच महिन्यांचा आणि करार पाच महिन्यांचा असेल तर उरलेले सात महिने कोण खायला घालणार ते घरी आधी ठरव. राहायची खोली आणि जेवण लिहिलंय का? दुखापत झाली तर एमआरआय, ऑपरेशन आणि त्या काळातला पगार कोण देणार? या एका ओळीसाठी मी तुला करार माझ्याकडं आणायला सांगणार आहे. मुदत संपल्यावर ना-हरकत लागली तर ती अडवून कुणी पैसे मागणार नाही, हेही बघून घेऊ.

पगार थकला तर फोनवर गयावया करत बसू नकोस. फिफाच्या नियमावलीत आहे की दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूनं लेखी नोटीस दिली आणि १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्याला करार मोडायला योग्य कारण मिळतं. देशातल्या तंट्यांसाठी एआयएफएफची प्लेअर स्टेटस कमिटी आहे. खेळाडूंची संघटनाही आहे, एफपीएआय, २००६ पासूनची. पण या सगळ्यांना दाखवायला ईमेल लागतो, बँकेचं स्टेटमेंट लागतं. व्हॉट्सॲपवर 'सर पेमेंट?' आणि खाली रडका चेहरा, हा पुरावा नव्हे.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मुंबईनंतर मी दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबकडं गेलो. ऑफिसमध्ये चहा आला, बिस्किटं आली, कोरा फॉर्म आला. "सही करा, भरून घेतो आम्ही." केली. एका हंगामाचं बोलणं झालं होतं, फॉर्मवर दोनाचा आकडा पडला. पहिल्या वर्षी सात गोल मारले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नवा कोच आणि नवा स्ट्रायकर आणला, मला ना खेळवलं ना सोडलं. वर्षभर मी सराव केला आणि रविवारी गॅलरीत बसून शेंगा खाल्ल्या. क्लबचं नाव सांगत नाही. सही माझी होती.

कुणी एजंट म्हणून आला तर फिफाचं लायसन्स विचार. लायसन्सधारकांची यादी कुणालाही बघता येते. ट्रायलसाठी पैसे मागणारा माणूस एजंट नसतो, तो तिकीटवाला असतो. आणि मॅचच्या आदल्या रात्री कुणी अनोळखी माणूस 'उद्या कोण खेळतंय' एवढं साधं विचारायला फोन करेल, खालच्या लीगमध्ये हे होतं, मागे सट्टेवाले असतात. फोन ठेव, कोचला सांग, विषय संपला.

क्लबवर जीव लाव, पण क्लबच्या आयुष्यावर पैज लावू नकोस. आमच्या वेळी महिंद्रा युनायटेडच्या लाल जर्सीचं स्वप्न पडायचं, २०१० मध्ये टीमच बंद झाली. पुणे एफसी २०१५ मध्ये, मुंबई एफसी २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. २०२५ च्या जुलैत तर खुद्द आयएसएलच थांबवून ठेवली आणि सप्टेंबरमध्ये सुरू होणारा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. टाकीतच पाणी नसेल तर खालच्या नळाला काय येणार? अशा वेळी मोठ्या क्लबचे खेळाडू घरी बसून सराव करतात. खालच्या लीगचे खेळाडू डिलिव्हरीच्या गाडीवर बसतात.

वांद्र्याला एक मैदान आहे, नेव्हिल डिसोझांच्या नावाचं. मुंबईला गेलो की मी तिथं मॅच बघायला जातो आणि पाटीकडं बघून वाटतं, या माणसाला चौकात किती जण ओळखत असतील? गोव्याच्या मातीतला मुंबईकर स्ट्रायकर. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल याचे. भारत उपांत्य फेरीत गेला, चौथा आला. हा माणूस खेळायचा कुणाकडून? टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅलटेक्स. कंपन्यांच्या टीम. त्या काळात गोल मारणारा पाय आणि हजेरीपटावर सही करणारा हात एकाच नोकरीत असायचे. टीम मोडली तरी टेबल राहायचं. मी गेलो तोवर कायमच्या जागा आटत चालल्या होत्या, मला मिळाला तो वर्षाचा करार आणि स्टायपेंड. तुझ्या वाट्याला तेही कमीच येईल. रेल्वे, पोलीस, सेनादलं यांच्याकडं अजून थोडं आहे.

म्हणून तुझ्या वडिलांवर चिडू नकोस. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा माणूस पोराला पोलीस भरती म्हणतो तेव्हा त्याला फुटबॉलचं वाकडं नसतं. तुझी पहिली स्टडची जोडी त्यांनी ओव्हरटाइम करून घेतली, हे तुला माहीत नसेल तर आता कळलं. पण त्यांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. शिपाई भरतीला खुल्या गटात २८ वर्षांपर्यंत वय चालतं. तू १९ चा. मैदानी चाचणी काय, तर १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पहिल्या दोन तुझ्या खिशात आहेत, गोळ्याचं बघू. म्हणजे भरती दोन-तीन वर्षं वाट बघू शकते. बेंगळुरू बघणार नाही.

खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाबद्दल मात्र तुझ्या डोक्यात भलतंच आहे. घरातल्या शोकेसमधले ते सगळे चषक, 'बेस्ट स्ट्रायकर'च्या ट्रॉफ्या, मालिकावीराची ती सायकल, यांना त्या कागदात शून्य किंमत. तिथं मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी लागते. पेठेतले किती हिरे मी बघितले, २०० गोल मारलेले, आणि भरतीच्या वेळी हातात एकही चालणारा कागद नाही. विद्यापीठाच्या निवड चाचणीला तू गेल्या वर्षी आला नाहीस, कारण त्याच दिवशी सेमी फायनल होती. तालमीच्या दृष्टीनं बरोबर केलंस. तुझ्या दृष्टीनं काय केलंस ते आता कळेल. बी.ए.चं दुसरं वर्ष सोडायचं नाही. बाहेर राहून परीक्षा देता येईल का, ते कॉलेजात जाऊन विचार. फोनवर नको, समोर जाऊन.

शरीराचं थोडक्यात सांगतो, कारण त्या बाबतीत मी स्वतःच वाईट उदाहरण आहे. फिफाचा ११+ नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण २० मिनिटांचा, फुकट, व्हिडिओ सगळीकडं आहेत. टीम करत नसेल तर तू एकटा कर, हसले तर हसू दे. मांडीच्या मागची शीर धरली तर चार दिवस लंगडत खेळून मर्दपणा दाखवू नकोस. माझा गुडघा कसा गेला ते तुला अर्धंच ठाऊक आहे. सेमी फायनल होती, गुडघा आठवडाभर सुजलेला. कुणीतरी ओळखीचा कंपाउंडर आणला, ड्रेसिंग रूममध्ये इंजेक्शन मारलं. दुखणं गेलं. दुखणं गेलं की माणसाला वाटतं दुखापत गेली. दुसऱ्या हाफला मी वळलो, बूट गवतात अडकला, मी वळलो आणि पाय वळला नाही. आवाज मलाच आला, बारीक, ओली काडी मोडल्यासारखा. लिगामेंट. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याचे पैसे आईच्या पाटल्या विकून भरले. परत मैदानात यायला अकरा महिने लागले. आलो तेव्हा २९ वर्षांचा होतो आणि पहिल्याच मॅचला कळलं की बॉल जिथं पडणार ते मला अजून सगळ्यांच्या आधी दिसतंय, फक्त मी तिथं सगळ्यांच्या नंतर पोचतोय.

तसाही चार वर्षं खेळलो. कमी पळून, जास्त बघून. त्या चार वर्षांत मारलेले गोल जवळजवळ सगळे रिबाउंडचे, गोलीच्या हातून सुटलेल्या बॉलचे, कुणाच्या तरी पायाला लागून आलेले. पेठेत लोक मला 'उष्ट्या' म्हणायचे. राग यायचा आधी. मग कळलं, सगळे हात डोक्यावर घेऊन उभे असतात तेव्हा एकटा मीच पळत असतो.

जाऊ का म्हणून विचारलंस. जा. एक हंगाम जा, करार बघून जा, विंगवर खेळायची तयारी ठेवून जा. बेंचवर बसवतील, पहिले दोन महिने तरी नक्की. कन्नड येत नाही, जेवणात नारळ, खोलीत सहा पोरं, आणि फोनवर पेठेतून मित्र विचारणार, "काय लेका, अजून गोल नाही?" त्या फोनला काय उत्तर द्यायचं ते मला अजूनही जमलेलं नाही. मी सरळ उचलायचो नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला तपोवनात ये. स्टड नकोत, साधे बूट आण, पाऊस असेल. पळून झाल्यावर गंगावेशीत दूध पिऊ आणि करार वाचू. सही करून आणू नकोस.

तुझा,
काका

ता. क. – पप्पांना तू काही बोलू नकोस. रविवारी त्यांना सुट्टी असते, मीच घरी येतो. आईला म्हणावं, जेवायला थांबणार नाही. थांबवलंच तर पांढरा तेवढा कर.